‘व्हेरी सॉरी’ला चिनीत काय म्हणायचं? हायनान, एप्रिल २००१

११ एप्रिल २००१ रोजी बीजिंगमध्ये अमेरिकेचे राजदूत जोसेफ प्रूहर यांनी चीनचे परराष्ट्रमंत्री थांग ज्याश्वेन यांना एक पत्र दिलं. पत्र छोटंसं, इंग्रजीत, आणि त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलेलं. दुसऱ्या दिवशी चीनच्या हायनान बेटावर अडकून पडलेले अमेरिकी लष्करी विमानातले २४ जण घरी निघाले. चिनी सरकारी माध्यमांनी आपल्या लोकांना सांगितलं, अमेरिकेनं माफी मागितली. अमेरिकी सरकारनं आपल्या लोकांना सांगितलं, आपण माफी मागितलेली नाही. पत्र तेच.

मी चिनीची दुभाषी आहे. माझ्याकडे कोणी चिनी शिकायला आलं की व्याकरण थोडं मुरल्यावर मी हे ‘दोन सॉरींचं पत्र’ त्याच्यापुढे ठेवते. शब्दांच्या बाहेर उरणाऱ्या अर्थाला चिनीत ‘येन वाय ज्र यी’ म्हणतात. आपण शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ केल्या, त्यातली ही व्यंजना. आपण ती कवितेत शोधली आणि परीक्षेत दोन मार्कांना लिहिली. इथं तिच्यावर २४ माणसांची सुटका अडली होती.

धडक

१ एप्रिल, रविवारची सकाळ. ओकिनावातल्या कादेना तळावरून निघालेलं अमेरिकी नौदलाचं ईपी-३ हे टेहळणी विमान हायनान बेटापासून साधारण ११० किलोमीटरवर समुद्रावरून जात होतं. चार पंख्यांचं, संथ, पोटात रेडिओ आणि रडारच्या लहरी टिपणारी यंत्रं भरलेलं हे धूड. त्याच्यावर नजर ठेवायला चिनी नौदलाची दोन जे-८ लढाऊ विमानं आली. त्यातल्या एकाचा वैमानिक वांग वेई. त्याचं विमान ईपी-३ ला धडकलं आणि समुद्रात कोसळलं. वांग वेई सापडला नाही.

ईपी-३ काही हजार फूट खाली कोसळत गेलं. वैमानिक शेन ऑस्बॉर्न यानं ते कसंबसं सावरलं आणि हायनानवरच्या लिंगश्वेई या चिनी लष्करी धावपट्टीवर उतरवलं. संकटाचे संदेश पाठवले होते, उत्तर मिळालं नव्हतं. परवानगी अर्थातच नव्हती. विमान उतरेपर्यंत आणि उतरल्यावरही आतली माणसं गुप्त सामग्री मोडतोड करून नष्ट करत होती. डिस्कवर गरम कॉफी ओतल्याचंही पुढं बाहेर आलं. मग २१ पुरुष आणि ३ स्त्रिया चिनी ताब्यात गेल्या.

धडक कुणामुळं झाली यावर दोन्ही देशांचं एकमत तेव्हा झालं नाही, नंतरही झालं नाही. अमेरिका म्हणे, आमचं विमान सरळ रेषेत चाललं होतं, तुमचा वैमानिक फार जवळ आला. चीन म्हणे, तुमचं विमान अचानक वळलं. शिवाय ती जागा कुणाची, हाही वाद होताच: अमेरिकेच्या लेखी आंतरराष्ट्रीय आकाश, चीनच्या लेखी आपल्या किनाऱ्यालगतच्या आर्थिक क्षेत्रावरचं आकाश, जिथं हेरगिरी खपवून घेतली जाणार नाही. हे भांडण सुटणारं नव्हतंच. म्हणून सगळा भार एका शब्दावर येऊन पडला.

चिनी परराष्ट्र खात्यानं मागणी केली: ‘श्यांग जोंगग्वो रनमिन दाओछ्येन’. चिनी जनतेची माफी मागा.

उणिवेची उतरंड

‘दाओछ्येन’ हा शब्द जरा उघडून बघायला हवा. ‘दाओ’ म्हणजे बोलणं. ‘छ्येन’ म्हणजे उणं असणं, कमी पडणं. पाऊस दगा देतो आणि पीक हाती लागत नाही, तेव्हा चिनी शेतकरी ‘छ्येनशोउ’ म्हणतो. त्यातला ‘छ्येन’ हाच. आणखी एक गंमत. या अक्षराचा उजवा भाग सुटा लिहिला तर उच्चार तोच राहतो आणि अर्थ होतो ‘देणं लागणं’. वाण्याची उधारी, बँकेची थकबाकी, सगळीकडे ते छोटं अक्षर. ही व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसतंच. म्हणजे दाओछ्येन करणारा उघड तोंडानं बोलतो: माझ्याकडून कमी पडलं, माझ्याकडे बाकी निघते.

त्याच्या एक पायरी खाली ‘बाओछ्येन’. ‘बाओ’ म्हणजे कवेत घेणं, लेकराला उचलून घेतात ते. उणीव इथंही आहे, पण ती बोलून दाखवलेली नाही, छातीशी धरलेली आहे. दाओछ्येन ही कृती आहे आणि बाओछ्येन ही मनाची अवस्था. मंत्री पत्रकारांसमोर उभा राहून दाओछ्येन करतो. जेवायला उशिरा पोचलेला पाहुणा बाओछ्येन असतो.

रोजच्या बोलण्यात ‘द्वेईबुछी’ आहे. शब्दशः बघितलं तर तुझ्यासमोर उभं राहता येत नाही. आपलं ‘तोंड दाखवायला जागा नाही’ याच्या जवळचं, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. मेट्रोच्या गर्दीतून वाट काढताना ‘बुहाओ यीस’, म्हणजे ओशाळल्यासारखं झालं. मग एक वेगळीच फांदी आहे. ‘यीहान’ म्हणजे राहून गेल्याची खंत, जिच्यात माझा दोष असायची काही गरज नाही. ‘वान्शी’ म्हणजे हळहळ, गुणी माणूस अकाली गेला की वाटते ती. आणि उतरंडीच्या अगदी वर ‘छिंगज्वेई’, शिक्षा मागणं. झाओ राज्याचा सेनापती ल्येन फो उघड्या पाठीवर काटेरी फांद्या बांधून, ज्याचा तो हेवा करत असे त्या मंत्री लिन श्यांगरूच्या दारात जाऊन उभा राहिला, घे, मार म्हणून. दोन हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट चिनी मुलांना आजही चार अक्षरांच्या म्हणीत पाठ असते.

मराठी वाचकाला या उतरंडीचं नवल वाटू नये. हळहळ, खेद, दिलगिरी, क्षमा, माफी. आपल्याकडे नेते ‘दिलगिरी व्यक्त’ करतात आणि विरोधक ‘माफी मागा’ म्हणून सभागृह डोक्यावर घेतात, ते काही उगाच नाही. त्याहून बारीक गोष्ट व्याकरणात आहे. माफी कुणाची तरी मागावी लागते: तुमची माफी, जनतेची माफी. दिलगिरी मात्र कशाबद्दल तरी असते: झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी. पहिल्यात समोर माणूस उभा आहे, दुसऱ्यात नुसता प्रकार. चिनीत हुबेहूब हेच दोन शब्दयोगी करतात. ‘श्यांग’ला पुढं माणूस हवा, दिशा हवी. ‘द्वेई’ला घटना चालते. चिनी मागणीतला पहिलाच शब्द ‘श्यांग’ होता. त्यांना नुसती माफी नको होती. ती कुणाकडे तोंड करून मागायची, तेही ठरवून हवं होतं.

इंग्रजीत ‘सॉरी’ एकच. मयताच्या घरी सॉरी, पायावर पाय पडला तरी सॉरी. दुःखाची फांदी आणि दोषाची फांदी तिथं एकाच बुंध्यात मिसळलेली आहेत. चिनीत आणि मराठीत त्या आधीपासून वेगळ्या. अख्खं प्रकरण या फटीतून आत शिरलं.

चीन एवढा हटून का बसला

याला मागची एक जखम होती. ७ मे १९९९ च्या रात्री नाटोच्या मोहिमेत अमेरिकी बॉम्ब बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर पडले आणि तीन चिनी पत्रकार गेले. तेव्हा क्लिंटन यांनी आधी खेद व्यक्त केला आणि काही दिवसांत स्पष्ट ‘अपॉलजाइझ’ हा शब्दही उच्चारला. पुढं अमेरिकेनं मृत-जखमींसाठी ४५ लाख डॉलर आणि इमारतीसाठी २ कोटी ८० लाख डॉलर दिले. शब्द पूर्ण होता, पैसेही होते; पण ‘नकाशा चुकला’ हा खुलासा चीनमध्ये फारसा कुणाला पटला नाही. त्या वेळी शब्द मिळाला आणि भाव मिळाला नाही. दोन वर्षांनी पुन्हा अमेरिकी विमान, पुन्हा चिनी मृत्यू. आता शब्दही मिळाला नाही तर लोकांना काय सांगणार?

त्याआधीचा एक धडाही चिनी परराष्ट्र खात्याला तोंडपाठ होता. २५ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचे पंतप्रधान तानाका काकुएइ बीजिंगच्या मेजवानीत युद्धकाळाबद्दल बोलताना ‘मेइवाकु’ म्हणाले. दुभाष्यानं त्याचं चिनी केलं ‘माफान’, म्हणजे त्रास, तसदी. दरवाजा उघडायला लावला तर जी देतो ती तसदी. सभागृहातल्या टाळ्या थांबल्या. चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांनी नंतर सुनावलं, की बाईच्या झग्यावर चुकून पाणी उडालं तर हा शब्द वापरतात. चारच दिवसांनी निघालेल्या संयुक्त निवेदनात जपाननं आपली जबाबदारी जाणवल्याचं आणि स्वतःला खोलवर दोष देत असल्याचं लिहिलं. एक पायरी चुकीची निवडली आणि वर्षानुवर्षांचं काम एका रात्रीत धोक्यात आलं. आम्हा दुभाष्यांच्या जमातीत या ‘माफान’ची गोष्ट आजही भुताच्या गोष्टीसारखी सांगतात.

रिग्रेट, सॉरी, व्हेरी सॉरी

आता २००१ मधली अमेरिकी बाजू शब्द कसे चढवत गेली ते बघा. सुरुवातीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचा सूर, माफी मागण्यासारखं आम्ही काही केलेलं नाही. ४ एप्रिलला त्यांनी चिनी वैमानिकाबद्दल ‘रिग्रेट’ म्हटलं. चीनकडून उत्तर आलं की दिशा बरोबर आहे. या उत्तराचा व्यंग्यार्थ कुणालाही कळावा: पायरी चढलात, अजून चढा. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बुश यांनीही रिग्रेट म्हटलं. ८ एप्रिलच्या रविवारी पॉवेल दूरचित्रवाणीवर ‘सॉरी’पर्यंत आले. पत्रात त्याला ‘व्हेरी’ जोडलं गेलं.

त्या ‘व्हेरी’नं माहितीत काडीची भर पडत नाही. ‘सॉरी’ आणि ‘व्हेरी सॉरी’ यांत दोष वाढत नाही की जबाबदारी वाढत नाही. पण भाषेत असे शब्द असतात की ज्यांचं काम अर्थ सांगणं नसून बोलणारा किती वाकला ते दाखवणं असतं. वाटाघाटीत जे दिलं-घेतलं गेलं ते हेच, वाकण्याचे अंश.

चीनचे अध्यक्ष ज्यांग झमिन तोवर लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले होते. चिलीत ते पत्रकारांना म्हणाले, मी पुष्कळ देश हिंडलो, रस्त्यात दोघांची धडक झाली की ती ‘एक्सक्यूज मी’ म्हणतात. अमेरिकी विमानं आमच्या दारात येतात आणि तेवढंही म्हणत नाहीत. बहुतेकांनी हे विधान डिवचणं म्हणून घेतलं. मला त्यात दुसरं काहीतरी ऐकू येतं. घरी परराष्ट्र खातं ‘दाओछ्येन’ मागत होतं, उतरंडीची जवळजवळ वरची पायरी. अध्यक्षांनी परदेशात, परक्या भाषेत उदाहरण दिलं ते मात्र अगदी खालच्या पायरीचं, मेट्रोतल्या ‘बुहाओ यीस’चं. चिनीत बोलताना आकडा खाली आणता आला नसता. इंग्रजीत तो सहज खाली आला, आणि उदाहरण म्हणून आला, मागणी म्हणून नाही. हे माझं वाचन आहे, पुरावा नाही. पण इतक्या मुरलेल्या नेत्यानं धक्का लागल्याच्या माफीची उपमा बेसावधपणे दिली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पत्र, ओळीओळीनं

पत्राच्या सुरुवातीला बुश आणि पॉवेल यांनी बेपत्ता वैमानिक आणि विमान यांबद्दल ‘सिन्सियर रिग्रेट’ व्यक्त केल्याची आठवण आहे. मग पहिला सॉरी. मराठीत आणलं तर असं: चिनी जनतेला आणि वैमानिक वांग वेई यांच्या कुटुंबीयांना कृपया कळवा, की त्यांच्या या हानीबद्दल आम्हाला अतिशय वाईट वाटतं.

यातलं ‘कळवा’ सोडून पुढं जाऊ नका. चिनी मागणी होती जनतेकडे तोंड करून. पत्रात जनता आली खरी, पण तोंड तिकडे वळलेलं नाही. निरोप्यामार्फत निरोप गेला. शिवाय ‘हानीबद्दल’. हानी झाली, ती कुणी केली याचा उल्लेख नाही. हे सांत्वन झालं. मयताला जाऊन आपण हेच बोलतो आणि मारेकरी ठरत नाही.

दुसरा सॉरी याहून बेरकी आहे. पूर्ण चित्र अजून स्पष्ट नाही असं आधी म्हणून घेतलं आहे. आपल्या जबर मोडलेल्या विमानानं आंतरराष्ट्रीय आणीबाणीच्या रीतीनुसार तातडीनं उतरण केली, असं मग सांगून घेतलं आहे. आणि नंतर: चीनच्या आकाशात शिरायला आणि उतरायला तोंडी परवानगी नव्हती, याचं अतिशय वाईट वाटतं, पण सगळे सुखरूप उतरले याचा फार आनंद आहे.

‘तोंडी’. पाच वेळा वाचा. शिरलो याचं वाईट वाटत नाही. उतरलो याचंही नाही. परवानगी नव्हती याचंही सरसकट नाही, ‘तोंडी’ परवानगी नव्हती याचं. आम्ही हाका मारल्या, तुमच्याकडून शब्द आला नाही, हा उलटा टोला त्या एका विशेषणात दडवलेला आहे. मराठीत याला साजेसा शब्द आहे, मानभावी.

धडकेबद्दल? एक अक्षर नाही. जबाबदारी कुणाची? नाही. पुढं वाटाघाटींसाठी १८ एप्रिलची बैठक तेवढी ठरवून टाकली होती.

मग ते चिनीत गेलं

सही इंग्रजी मजकुरावर होती. चिनीत आणताना मात्र ‘सॉरी’ला कुठल्या तरी फांदीवर बसवणं भाग होतं, कारण चिनीत अधांतरी राहायची सोयच नाही.

अमेरिकी दूतावासानं आपल्या भाषांतरात पहिल्या सॉरीला लिहिलं ‘फेइछांग वान्शी’, म्हणजे अतिशय हळहळ. सरळ दुःखाची फांदी. दुसऱ्याला ‘फेइछांग बाओछ्येन’. म्हणजे जिथं माणूस गेला तिथं दोषाचा लवलेश ठेवला नाही, आणि जिथं नुसती परवानगी राहिली तिथं छातीशी धरलेली उणीव. उशिरा आलेल्या पाहुण्याची पायरी.

चिनी सरकारी वृत्तसंस्थेनं लोकांपुढं मांडताना दोन्ही ठिकाणी एकच शब्दप्रयोग घेतला: ‘शन ब्याओ छ्येनयी’. माझ्या मते सगळी कारागिरी या चार अक्षरांत आहे. ‘शन’ म्हणजे खोल. ‘ब्याओ’ म्हणजे व्यक्त करणं. ‘छ्येनयी’ म्हणजे उणिवेची भावना. उणिवेचं ते अक्षर आलं, म्हणजे देणं आलं. पण ‘दाओ’ नाही, म्हणून मागणीतला नेमका शब्द उच्चारल्याचा आरोप कुणी करू शकत नाही. आणि ‘यी’ आहे, म्हणजे ती भावना आहे, कबुली नव्हे. आपलं ‘तीव्र दिलगिरी व्यक्त करतो’ याला जितकं जवळ जातं तितकं दुसरं काही जात नाही.

आणखी एक गोष्ट जी शब्दकोश सांगणार नाही. ‘फेइछांग’ हा बोलीतला, चारचौघांचा ‘अतिशय’ आहे. चहा अतिशय गरम असतो तो. ‘शन’ लेखी, दरबारी. चार अक्षरांचा ताल, जुन्या चिनीचा बाज. ऐकणाऱ्याला आधी ऐकू येतो तो वाकण्याचा आवाज, अर्थ नंतर. आणि तरीही हाच प्रयोग चीनमध्ये रस्ता खोदलेला असला की पाटीवर असतो: आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही शन ब्याओ छ्येनयी. विमानाला उशीर झाला की प्रवाशांना हेच ऐकवतात. म्हणजे तो भरजरीही आहे आणि स्वस्तही. ज्याला जो भाव लावायचा त्यानं तो लावावा. झाकली मूठ.

बोलीत असतं तर

इथं एक आडवळण घेते, कारण शिकणारे नेहमी विचारतात, चिनीत गर्भित अर्थ दाखवायला वाक्याच्या शेवटी छोटे शब्द असतात ना, त्यांचं काय? असतात, आणि मराठी माणसाला ते इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा लवकर कळतात. ‘द्वेईबुछी आ’ म्हणजे ‘सॉरी हं’. ‘द्वेईबुछी मा’ म्हणजे ‘सॉरी म्हटलं ना!’, लाडीगोडी आणि किंचित वैताग. ‘दाओछ्येन’चे दोन तुकडे करून मध्ये ‘गे’ घालता येतो: ‘दाओ गे छ्येन’, एक माफी मागून टाक. शेवटी ‘बेई’ लावलं की ‘माग की एक माफी, तुझं काय जातंय’. त्या इवल्याशा ‘गे’नं डोंगराचं ढेकूळ होतं.

क्रियापद दोनदा म्हटलं तरी असंच हलकं होतं. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याच्या बैठकीत चिनी साहेब दराबद्दल म्हणाले, ‘येनज्यू येनज्यू’. येनज्यू म्हणजे अभ्यास, संशोधन. मी इमानानं सांगितलं, ते याचा अभ्यास करणार आहेत. आमची मंडळी तीन आठवडे अभ्यासाच्या निकालाची वाट बघत बसली. साहेब म्हणाले होते ‘बघू बघू’. नंतर एका चिनी सहकाऱ्यानं हसून सांगितलं, की या शब्दासारखाच ऐकू येणारा दुसरा ‘येनज्यू’ म्हणजे सिगारेट आणि दारू, आणि सरकारी कचेरीत कुणी येनज्यू करायचं म्हणालं की लोक नेमका कुठला ते विचारतात. तेव्हापासून मी ‘अभ्यास’ हा शब्द जपून वापरते.

राजनैतिक पत्रात यातलं काहीच चालत नाही. ना ‘आ’, ना ‘मा’, ना ‘गे’, ना दुहेरी क्रियापद. लेखी चिनीनं ही सगळी हत्यारं बाहेर काढून ठेवलेली असतात. म्हणून मग जे काम बोलीत ‘हं’ आणि ‘ना’ करतात ते ‘शन’ की ‘फेइछांग’, ‘श्यांग’ की ‘द्वेई’, ‘दाओ’ की ‘बाओ’ या निवडीला करावं लागतं. गर्भित अर्थ कुठं जात नाही, तो नुसती जागा बदलतो.

पत्र कुणासाठी होतं

नाव थांग ज्याश्वेन यांचं. पण त्यांना पत्रातलं एक अक्षरही नवीन नव्हतं; मसुद्यांची घासाघीस त्यांच्याच खात्याशी चालली होती. लेकी बोले सुने लागे, असं आपण म्हणतो. चिनी म्हणतात, तुतीकडे बोट दाखवून सोफोराच्या झाडाला शिव्या घालणं. इथं सुना दोन होत्या. एक चिनी जनता, जिला माफी ऐकायची होती. दुसरी अमेरिकी जनता, जिला माफी ऐकायची नव्हती.

चिनीत ‘थाइज्ये’ म्हणजे पायऱ्या, जिना. उंच चढून बसलेल्या आणि उतरायची लाज वाटणाऱ्या माणसाला थाइज्ये द्यावा, ही तिथली रीत. या पत्रात दोघांनी एकमेकांना जिना दिला, आणि तो एकच जिना दोन बाजूंनी उतरणारा होता. एका अमेरिकी अधिकाऱ्यानं तेव्हा सांगूनही टाकलं, की चिनी ज्याला माफी म्हणणं पसंत करतील त्याला आम्ही बहुधा खेद किंवा दुःख म्हणू. गैरसमज झाला म्हणून तह झाला, असं या प्रकरणाबद्दल पुष्कळदा म्हणतात. मला ते पटत नाही. कुणाचाही गैरसमज झाला नव्हता. समोरचा काय ऐकणार आहे हे प्रत्येकाला नीट माहीत होतं, आणि त्याला ते ऐकू द्यायचं असं ठरलं होतं. गैरसमज झाला तर दुभाषी बदलतात. इथं दुभाष्यांनी दोन वेगळी चिनी केली आणि कुणीही हरकत घेतली नाही.

चीननं सुटकेचं कारण दिलं ‘मानवतेच्या विचारानं’. यातही माफी मिळाली म्हणून सोडतो असं थेट म्हटलेलं नाही. जिना पुसून ठेवला.

नंतर

१२ एप्रिलला ते २४ जण भाड्याच्या प्रवासी विमानानं हायनानवरच्या हायखोउहून गुआमला आणि तिथून हवाईला गेले. माणसं हाती आल्यावर त्याच दिवशी बुश यांचा सूर कडक झाला: आमच्या विमानानं अपघात होण्यासारखं काही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी चिनी विमानं पूर्वी कशी अंगावर यायची त्याची चित्रफीत पत्रकारांना दाखवली. सॉरीची मुदत संपली होती.

चीनमध्ये वांग वेईला ‘सागर-आकाशाचा रक्षक’ हा किताब मिळाला. त्याच्या विमानाचा म्हणून ओळखला जाणारा क्रमांक ८११९२ तिथल्या इंटरनेटवर दर १ एप्रिलला पुन्हा वर येतो. ‘८११९२, परत ये’ असं कुणीतरी लिहितं. खाली हजारो जण लिहितात, ‘शोउदाओ’, पोचलं. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबाच्या हुकमाखाली रोज टाकायचा तोच कोरडा शब्द.

ईपी-३ उडवून न्यायला चीननं परवानगी दिली नाही. ते सुटं करून रशियन आन्तोनोव मालवाहू विमानात भरलं आणि ३ जुलैला परत पाठवलं. मग हिशेब आला. माणसांचा मुक्काम, विमानाची देखभाल आणि इतर खर्च मिळून चीननं १० लाख डॉलर मागितले. एवढी गोल रक्कम बिल म्हणून येत नसते. ती भरपाईच्या सुरात येते, आणि भरली असती तर पत्रात न आलेला ‘दाओ’ चोरपावलांनी परत आला असता. अमेरिकेनं ऑगस्टमध्ये आपला आकडा कळवला: ३४,५६७ डॉलर. तीन, चार, पाच, सहा, सात. शेवटच्या डॉलरपर्यंत मोजलेलं, हॉटेलच्या पावतीसारखं. उणीव नाही, दिलगिरी नाही, राहण्या-जेवण्याचे पैसे.

चीननं ते घेतले नाहीत.